घरापासून शेडपर्यंत वीज: परसातल्या वर्कशॉपसाठी जमिनीखालून केबल कशी न्यायची

घराच्या मागे पंचवीस-तीस मीटरवर पत्र्याची शेड उभी राहिली की तिथे पहिली वीज जाते ती बहुतेक वेळा खिडकीतून ओढलेल्या वायरीने. मध्ये झाडाला एक वेढा, सांध्यावर काळी टेप. त्यावर दिवा लागतो, पंखाही फिरतो. ग्राइंडर लावला की दिवा मंद होतो, कॉम्प्रेसर लावला की मोटर नुसती घुमते, आणि पहिल्या पावसात शेडचा पत्रा झिणझिण्या देऊ लागतो.

नीट काम करायचं तर क्रम उलटा धरा. बोर्ड, प्लग, दिवे यांतलं काहीही उद्या बदलता येतं. जमिनीखाली गेलेली केबल आणि अर्थिंग बदलायचं म्हणजे पुन्हा कुदळ. म्हणून पैसे आणि डोकं आधी तिथे खर्च करायचं.

खालचा सगळा हिशेब एका ठरावीक उदाहरणावर आहे: सिंगल फेज घरगुती जोडणी, घराच्या मेन बोर्डापासून शेड ३० मीटर, शेडमध्ये काम करणारा माणूस एकच. तुमचं अंतर किंवा मशीन वेगळं असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

आधी वीजबिल आणि मीटर बघा

बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तो १ किंवा २ किलोवॅट असेल आणि तुम्ही वेल्डिंग मशीन बसवणार असाल, तर भार वाढवण्याचा अर्ज आधी करा. मग मीटरची पाटी वाचा. ‘५-३० अँपिअर’ असं लिहिलं असेल तर घर आणि शेड मिळून ३० अँपिअरच्या आत राहायला हवं. घरात गिझर चालू असताना शेडमध्ये वेल्डिंग सुरू केलं की हा आकडा सहज ओलांडतो. खांबावरून मीटरपर्यंत आलेली सर्व्हिस वायरही बघा. ती बारीक असेल तर शेडकडे कितीही जाड केबल टाका, व्होल्टेज आधीच पडलेलं असतं. मीटरचं सील आणि त्याच्या अलीकडची वायर मात्र महावितरणची, तिला हात लावायचा नाही.

घरच्या दुरुस्त्या आणि हौसेचं काम असेल तर घरगुती जोडणी चालते. गिऱ्हाइकाचं काम घेऊन धंदा करणार असाल तर योग्य वर्गवारीची वेगळी जोडणी घ्या. घरगुती मीटरवर धंदा चालवला तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली त्या वर्गवारीच्या दुप्पट दराने आकारणी होते. शेतीपंपाच्या जोडणीवरून शेडला वीज घेणं तर दोन्हीकडून तोट्याचं: ते नियमबाह्य, आणि तिथला पुरवठा चक्राकार वेळापत्रकाने येणार.

चर खणणं, रेती-विटा टाकणं, भिंतीवर पेट्या बसवणं हे तुम्ही स्वतः करू शकता. जोडणी, चाचणी आणि टेस्ट रिपोर्ट हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम आहे. कायदाही तेच सांगतो.

लोड: कागदावर सगळं नको, एका वेळी चालेल तेवढं

चार इंची ग्राइंडर ८५० वॅटचा, म्हणजे ४ अँपिअरच्या आसपास. ड्रिल ३ अँपिअर. दोन एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर चालताना १० ते ११ अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर दहा नंबरचा रॉड जाळताना २० ते २५ अँपिअर लागतात. दिवे आणि पंखा मिळून जेमतेम १.

या सगळ्यांची बेरीज पंचेचाळीसच्या घरात जाते, पण ती कधीच एकदम होत नाही. दोनच हात आहेत: वेल्डिंग करताना ग्राइंडर खाली ठेवलेला असतो. त्यामुळे आपल्या उदाहरणात २५ अँपिअर धरून केबल निवडायची आणि तिला ३२ अँपिअरचं संरक्षण द्यायचं. कॉम्प्रेसर मात्र टाकीतला दाब उतरला की आपोआप सुरू होतो, हे लक्षात ठेवा. वेल्डिंगच्या वेळी तो बंद ठेवायची सवय लावा.

तेलात बुडवलेलं जुनं ट्रान्सफॉर्मर वेल्डिंग मशीन दोन फेजवर चालतं. ते घेतलं असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही, थ्री फेज जोडणी लागेल.

केबलची जाडी: गरम होणं नव्हे, व्होल्टेज पडणं ठरवतं

नवखा माणूस विचारतो, ‘ही केबल ३० अँपिअर घेते ना?’ तीस मीटरवर खरा प्रश्न असतो की शेडमध्ये व्होल्टेज किती पोचेल. वीज जाते आणि परतही येते, म्हणून हिशेबात ६० मीटर तार धरायची.

तांब्याच्या २.५ चौरस मिमी तारेचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम असतो, ४ चा ४.६१, ६ चा ३.०८. हे आकडे २० अंश तापमानाचे. भाराखाली तार तापली की त्यात वीस टक्के भर घाला. आता २५ अँपिअरला ६० मीटरवर किती व्होल्ट खर्ची पडतात ते बघा: २.५ मध्ये साधारण १३, ४ मध्ये ८.३, ६ मध्ये ५.५. आपण ३ टक्के म्हणजे ६.९ व्होल्टची मर्यादा पाळतो, म्हणून ६ चौरस मिमी.

कॉम्प्रेसर सुरू होतानाचा क्षण याहून बोलका आहे. ६० अँपिअरचा झटका धरला तर ६ च्या केबलवर १३ व्होल्ट पडतात, २.५ च्या वायरीवर ३२. मोटरची सुरुवातीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे २३० चे १९८ झाले की ताकद चौथ्या हिश्शाने गेली. ती घुमत राहते, तापते, आणि दोष कॉम्प्रेसरवाल्याला दिला जातो.

ॲल्युमिनियम स्वस्त पडतं. १० चौरस मिमी ॲल्युमिनियमचा रोधही ३.०८ ओहमच असतो, म्हणजे ते तांब्याच्या ६ च्या जागी बरोबर बसतं. अंतर ६० मीटर असेल आणि ॲल्युमिनियम घ्यायचं असेल तर १६ चौरस मिमी लागतं. त्याची अडचण टोकांना येते: ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबत जातं, सांधा सैल होतो, तापतो. लग, म्हणजे तारेच्या टोकावरचं धातूचं टोपण, नीट क्रिंप करणारा (दाबून बसवणारा) माणूस आणि हत्यार असेल तरच त्या वाटेला जा. तीस मीटरसाठी आमचं मत तांब्याला.

काय काय आणायचं

३ कोर (आत तीन तारा), ६ चौरस मिमी, तांब्याची आर्मर्ड केबल (आवरणाखाली धातूच्या तारांचं चिलखत असलेली): ३७ मीटर. अंतर ३० असताना ३७ कशाला? दोन्ही टोकांना जमिनीतून वर बोर्डापर्यंत दोन-अडीच मीटर, शिवाय दोन्हीकडे एकेक मीटरचा वेढा राखीव. पुढे कधी टोक जळलं किंवा ग्लँड (केबल पेटीच्या भोकात घट्ट धरणारी धातूची जोडणी) पुन्हा करावी लागली तर हाच मीटर कामाला येतो. केबलवर आयएस १५५४ किंवा आयएस ७०९८ (भारतीय मानकांचे क्रमांक) छापलेलं आहे का ते बघून घ्या. जमिनीखाली सांधा नको, म्हणून एकच अखंड तुकडा मागा. दुकानदार ‘वीस आणि सतरा देतो, जोडून घ्या’ म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.

त्याबरोबर केबलच्या बाहेरच्या जाडीला बसणाऱ्या दोन ग्लँड. घराच्या बोर्डासाठी ३२ अँपिअरचा सी कर्व्ह (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा) डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. शेडसाठी १२ वेचा (बारा जागांचा) पत्र्याचा डीबी, म्हणजे स्विचांची पेटी, ४० अँपिअरचा डबल पोल आयसोलेटर (सगळी शेड हाताने बंद करायचा स्विच), ४० अँपिअर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). दिव्यांसाठी वेगळा ६ अँपिअरचा आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच). अर्थिंगसाठी ४० मिमीचा अडीच मीटर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप किंवा तयार इलेक्ट्रोड, आणि आठ गेजची जीआय वायर.

चरासाठी विटा: केबलवर आडव्या लावल्या की मीटरला नऊ लागतात, म्हणजे २७०. रेती किंवा क्रश सँड अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी जास्त. लाल धोक्याची पट्टी ३० मीटर.

चर

खोली ७५० मिमी, म्हणजे अडीच फूट, रुंदी एक फूट. आयएस १२५५ लो व्होल्टेज केबलसाठी हीच खोली सांगतं. ट्रॅक्टर किंवा गाडी जाणारी वाट मध्ये येत असेल तर तिथे एक मीटर खोल जा आणि केबल १०० मिमीच्या मजबूत पाइपमधून घ्या.

खणायला दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने बरे. काळ्या मातीत मे महिन्यात पहार उडते आणि जुलैत चराचं डबकं होतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओलीत फुगते आणि केबल ताणते. म्हणून अशा जमिनीत केबल सरळ दोरीसारखी न टाकता हलकी नागमोडी टाकायची. कोकणात जांभा लागला आणि अडीच फूट जमेना तर निदान जीआय पाइपमधून न्या आणि वरून काँक्रीट घाला. नुसतं ‘इथे कोण खणणार’ म्हणून वीतभर खोलीवर केबल ठेवू नका. पुढच्याच वर्षी नारळाला आळं करताना पहार तिथेच पडते.

तळाचे दगड वेचून ७५ मिमी रेती पसरा. केबलचं भेंडोळं आडवं ठेवून टोक ओढलं की पीळ पडतो. ते चाकासारखं उभं लोळवत उलगडा. कुठेही वळण केबलच्या जाडीच्या १२ पटींपेक्षा घट्ट नको, या केबलला साधारण नऊ इंचांची त्रिज्या. वर आणखी ७५ मिमी रेती, तिच्यावर विटा आडव्या एकमेकींना टेकून.

इथे थांबा. माती लोटण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) प्रत्येक कोर दुसऱ्याशी आणि आर्मरशी तपासून घ्या. नवी केबल शेकडो मेगओहम दाखवते. आकडा एक-दोनवर आला तर कुठेतरी कातडी सोलली आहे किंवा टोकातून पाणी गेलं आहे. टोकं उघडी ठेवून रात्रभर पावसात सोडलेली केबल हमखास असं करते, म्हणून काम थांबलं की टोकं वर उचलून प्लॅस्टिकने बांधा.

मग माती वीत-वीत थरांनी, प्रत्येक थर चोपून. जमिनीच्या एक फूट खाली लाल पट्टी. वर दोन इंचांचा उंचवटा सोडा, पहिल्या पावसाळ्यात तो बसतो. माती भरून झाल्यावर मेगर पुन्हा एकदा.

जमिनीखालून न नेता खांबावरून वायर न्यायची असेल तर जीआय तारेचा आधार आणि चिनी मातीचे रील हवेत. वायर रस्ता ओलांडत असेल तर ५.८ मीटर उंची लागते. कडब्याने भरलेली ट्रॉली आठवा म्हणजे हा आकडा कशाला ते कळेल.

ग्लँड: दहा मिनिटांचं काम, पण इथेच चूक होते

बाहेरचं काळं आवरण कापताना ब्लेड आर्मरच्या तारांवर थांबलं पाहिजे. तारा छत्रीच्या काड्यांसारख्या उलगडा आणि ग्लँडच्या शंकूवर सारख्या पसरवून वरची नट घट्ट करा. मग केबल ओढून बघा: सरकली नाही आणि एकही तार बाहेर लोंबत नाही, तर ग्लँड बसली. पुष्कळ ठिकाणी तारा कापून फेकतात आणि केबल पेटीच्या भोकातून नुसती आत सारतात. मग पत्र्याची धार आवरण कापत राहते आणि आर्मर कशालाच जोडलेलं नसतं. उद्या कुदळ लागली तर आर्मर विजेने जिवंत होतं आणि एमसीबी शांत बसतो. दोन्ही टोकांना ग्लँडच्या अर्थ टॅगमधून आर्मर अर्थ पट्टीला जोडा.

तीन कोरचे रंग लाल, पिवळा, निळा येतात. लाल फेज, निळ्यावर काळी स्लीव्ह चढवून न्यूट्रल, पिवळ्यावर हिरवी चढवून अर्थ. दोन्ही टोकांना, आणि कात्री हातात असतानाच. ‘लक्षात राहील’ म्हणून सोडलेली स्लीव्ह दोन वर्षांनी दुसऱ्या वायरमनच्या जिवावर येते.

भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा आणि पाइपचं तोंड पुट्टीने बंद करा. पाणी आणि उंदीर दोघांची वाट तीच.

दोन्ही बोर्ड

घरी शेडची ओळ मेन स्विचच्या पुढून, पण घराच्या आरसीसीबीच्या अलीकडून काढा आणि तिच्यावर ३२ अँपिअरचा एमसीबी लावा. आरसीसीबीच्या पुढून काढली तर शेडमधल्या ओल्या ग्राइंडरने घरातला फ्रिज बंद पडेल, कारण ३० मिलिअँपिअरचे दोन एकामागे एक असले की कुठला आधी उडेल हे कोणी सांगू शकत नाही.

शेडमध्ये आधी आयसोलेटर, मग आरसीसीबी. मशीनचे एमसीबी त्यामागे: १६ अँपिअरच्या सॉकेटना १६ चा, कॉम्प्रेसरला २०, वेल्डिंगला ३२, सगळे सी कर्व्ह. तारा अनुक्रमे २.५, ४ आणि ६ चौरस मिमी. दिव्यांचा आरसीबीओ आयसोलेटरनंतर थेट जोडा, आरसीसीबीमागे नको. रात्री यंत्र गळती देऊन ट्रिप झालं आणि त्याच क्षणी अंधार झाला, तर फिरतं पातं तुमच्या हातात असतं.

यात एक खोच आहे. आरसीसीबीतून गेलेला न्यूट्रल आणि दिव्यांचा न्यूट्रल यांच्या पट्ट्या वेगळ्या हव्यात. एकत्र केल्या की दिवा लावताच आरसीसीबी उडतो आणि निष्पाप आरसीसीबी बदलला जातो. तसंच शेडमध्ये न्यूट्रल आणि अर्थ कुठेही एकमेकांना जोडायचे नाहीत. वेल्डिंगला घरगुती पिन नको, धातूच्या आवरणाचा ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट लावा.

अर्थिंग

घराचा अर्थ तिसऱ्या कोरमधून शेडला आला, तरी शेडपाशी वेगळा खड्डा करा. भिंतीपासून निदान दीड मीटर लांब, शक्यतो मोरीचं पाणी जातं तिथे. कोळसा-मिठाचे थर चालतात, पण मीठ पाइपही खातं; तयार बॅकफिल कंपाउंड जास्त टिकतं. काळ्या मातीत रोध सहज कमी येतो. मुरूम आणि कातळात दोन-तीन इलेक्ट्रोड एकमेकांपासून तीन मीटरवर ठोकून जोडावे लागतात. ५ ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करा. मोजणी अर्थ टेस्टरने, आणि जमलं तर मे महिन्यात, कारण तेव्हा आकडा सगळ्यात वाईट असतो.

फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून ‘अर्थ मस्त आहे’ म्हणण्याची रीत सर्वत्र आहे. १०० वॅटचा बल्ब घेतो फक्त ०.४३ अँपिअर. अर्थ २० ओहमचा भिकार असला तरी त्यावर जेमतेम ९ व्होल्ट पडतात आणि बल्ब लख्ख पेटतो. त्याच २० ओहमच्या भरवशावर मशीनच्या बॉडीला फेज लागला तर प्रवाह होतो ११ अँपिअर, आणि १६ चा एमसीबी जागचा हलत नाही. आरसीसीबी याच साठी. अर्थ मध्येच तुटलेला असेल तर बल्बच्या या खेळाने घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या वस्तू फेजवर येतात, ते वेगळंच.

शेडचे अँगल, पत्रे, वेल्डिंगचं टेबल आठ गेजच्या जीआयने अर्थ पट्टीला बांधा. पत्र्याला जोडताना रंग खरवडून बोल्ट घाला. रंगावर बसवलेला बोल्ट म्हणजे न बसवलेला बोल्ट.

चालू करताना

सगळे एमसीबी पाडून घरचा ३२ चढवा. शेडमध्ये आयसोलेटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे २३० च्या आसपास हवेत. मग एकेक सर्किट. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, तो लगेच पडला पाहिजे.

शेवटी खरं लोड. दहा नंबरचा रॉड जाळत असताना कोणाला तरी आयसोलेटरवर व्होल्टमीटर धरायला सांगा, त्याच वेळी घरच्या बोर्डावरही. दोघांतला फरक ५-६ व्होल्टपेक्षा बराच जास्त आला तर केबल नव्हे, बहुधा एखादा सैल सांधा आहे. न्यूट्रल-अर्थमध्ये लोडवर दोन-तीन व्होल्ट दिसतील, ते चालतं. दहा-पंधरा दिसले तर न्यूट्रलचा सांधा शोधा.

नंतर

महिन्याभराने मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळा, ॲल्युमिनियम असेल तर नक्कीच. ३२ चा एमसीबी वारंवार पडत असेल तर ४० चा आणू नका. कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग एकदम चालतंय का ते आधी बघा. पहिल्या पावसात आरसीसीबी पडू लागला तर सगळे एमसीबी पाडून एकेक चढवा आणि जो चढवल्यावर पडतो त्या ओळीवरचा बाहेरचा सॉकेट उघडा. एमसीबी सगळे पाडूनही तो थांबला नाही तर एखादा न्यूट्रल ओला झालेला आहे. एकेक न्यूट्रल सोडून बघा, कारण एकेरी एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. महिन्यातून एकदा टेस्ट बटण.

चर बुजवण्याआधी विटांवर टेप ठेवून फोटो काढा, घराच्या कोपऱ्यापासून आणि शेडच्या कोपऱ्यापासून अंतरं मोजा आणि तो नकाशा डीबीच्या दाराच्या आतून चिकटवा. त्याच कागदावर प्रत्येक एमसीबीचं नाव आणि मेगर व अर्थ टेस्टरचे आकडे तारखेसह लिहा.